रंगाच्या आधीचं काम



कानबाई जवळ आली की आपल्या खान्देशात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येणार, म्हणजे भिंती, दारं, खिडक्या सगळं लख्ख हवं. पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. खिडकीच्या ग्रिलला, फाटकाला, लोखंडी पेटीला दिलेला रंग पुढच्याच पावसाळ्यात पोपडे धरतो. आपण म्हणतो, दुकानदाराने हलका रंग दिला. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. रंग गंजावर दिलेला असतो. गंज लोखंडापासून सुटला की रंगही त्याच्याबरोबर सुटतो. म्हणून आज आपण रंगाच्या आधीच्या कामाबद्दल बोलू.

आम्ही शिंदखेडा तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका ग्रिल, फाटकं, लोखंडी खाटा रंगवायची कामं घेतो. पूर्वी हातातल्या तारेच्या ब्रशने खांदे दुखेपर्यंत घासायचो. आता ड्रिल मशीनला किंवा ग्राइंडरला लावायचा तारेचा फिरता ब्रश मिळतो. ग्राइंडर म्हणजे दोंडाईच्याच्या मिरचीचा नव्हे हं, वेल्डिंगवाल्याकडे असतो तो! हा ब्रश तीन आकारांत येतो. वाटीसारखा असतो तो कप ब्रश, फाटकाच्या सपाट पत्र्यासाठी. चाकासारखा असतो तो पट्ट्यांना आणि सळयांना. आणि पेन्सिलीसारखा बारीक असतो तो कोपऱ्यांना, नक्षीला. काम झपाट्याने होतं, यात शंका नाही. पण बटण दाबण्याआधी एक प्रश्न विचारायचा. या वस्तूवर नेमकं काय आहे?

साधं लोखंड असेल आणि त्यावर गंज असेल, तर हा ब्रश त्याच्यासाठीच आहे. वखर, कोळपं, बैलगाडीची लोखंडी धाव, खाटेचे पाय, सगळीकडे चालतो.

जस्ताचा पत्रा असेल तर हा ब्रश लावू नका. छपराचे आणि बऱ्याच कोठ्यांचे पत्रे जस्त चढवलेले असतात. ते जस्तच पत्र्याला गंजापासून वाचवतं. तारेने ते खरवडलं की आपण आपल्या हाताने गंजाला वाट करून देतो. असा पत्रा साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि जस्ताच्या पत्र्याला चालणारा प्रायमर मागून घ्या.

लाकूड असेल तरीही पोलादी तार नको. ती लाकडाचा मऊ भाग उकरते आणि कडक रेषा वर राहतात. चौकट, देव्हारा, जुनं कपाट यांना काचपेपरच बरा.

धान्याच्या कोठीची आतली बाजू, तवा, कढई यांना तर हा ब्रश कधीच लावायचा नाही. ब्रशच्या तारा तुटतात. केसासारखी बारीक तार धान्यात गेली तर पिठात येईल, पिठातून भाकरीत आणि भाकरीतून लेकराच्या घशात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वस्तूवर जुना रंग असेल तर थांबा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते, विशेषतः पिवळ्या, लाल, शेंदरी आणि हिरव्या रंगांत. लोखंडावर पूर्वी शेंदरी रंगाचा प्रायमर देत, तो तर शिशाचाच असे. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा तो नियम आहे. म्हणजे त्याआधी रंगवलेलं फाटक, पाळणा, खिडकी यांच्याकडे संशयानेच बघायचं.

हे का सांगतो आम्ही? कारण रंग भिंतीवर गप्प बसलेला असतो तोवर फारसं बिघडत नाही. फिरता ब्रश त्याची पिठासारखी धूळ करतो. ती ओट्यावर बसते, अंगणात बसते. रांगणारं लेकरू हात जमिनीला लावतं आणि तोंडात घालतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि त्याचं अमुक एवढं प्रमाण चालतं असं नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे. पोटातल्या बाळालाही ते पोचतं. म्हणून गटातली कुणी गरोदर असेल तर तिला जुन्या रंगाच्या कामावर अजिबात घेऊ नका. मजुरी बुडते असं ती म्हणाली, तर तिला हिशेबाचं किंवा सामान आणायचं काम द्या, पण हे काम नको.

जुना रंग ओला करून काढावा. पाणी शिंपडून पत्रीने खरवडायचं, मग पाण्यात चालणाऱ्या काचपेपरने घासायचं. त्या वेळी विजेचं मशीन जवळही नको. काम घरात नको, मोकळ्यावर करा. मुलं, विहीर, पाण्याची टाकी आणि गुरांचा चारा दूर असू द्या. खाली प्लास्टिकचा कागद पसरा. निघालेले पोपडे ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत घट्ट बांधा. उकिरड्यावर टाकू नका, कारण उकिरडा शेवटी आपल्याच शेतात जातो. ग्रामपंचायतीला विचारून त्यांची सोय लावा. रंग जाळून काढायचा तर विचारही करू नका. घरी गेल्यावर आधी हातपाय धुवा, कपडे बदला आणि मगच लेकराला कडेवर घ्या.

आता गंजाच्या कामाकडे वळू. मशीन चालवायचं तर आधी आपलं अंग बघायचं. पदर, ओढणी, लांब वेणी, बांगड्या, मंगळसूत्र यातलं काहीही फिरत्या ब्रशने पकडलं तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. आम्ही घट्ट बाह्यांचा, बटणाचा शर्ट घालतो आणि केस फडक्यात बांधतो. बांगड्या काढून डब्यात ठेवतो. मंगळसूत्रावरून गटात बरीच चर्चा होते. काही जणी काढून ठेवतात, काही जणी शर्टाच्या आत घालून वरचं बटण लावतात. काढून ठेवणं केव्हाही चांगलं. घरच्यांना समजावून सांगायचं की सौभाग्य जपायचं म्हणूनच ते काढून ठेवलं आहे.

डोळ्यांना बंद चष्मा हवा आणि त्यावर तोंड झाकणारी पारदर्शक ढाल असेल तर उत्तम. तुटलेली तार सुईसारखी उडते, साध्या नंबरच्या चष्म्याच्या बाजूनेही आत शिरते. डोळ्यात गेलीच तर चोळू नका, रुतलेली असेल तर घरी काढू नका. डोळा झाकून तडक दवाखान्यात जा. नाकातोंडावर एन-९५ मास्क हवा, पदर बांधून बारीक धूळ अडत नाही. हातमोजे घट्ट बसणारे, चामड्याचे घ्या. सैल सुती मोजे ब्रशमध्ये गुंततात.

ब्रश घेताना त्यावरचा आकडा वाचा. एका मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे, ते आरपीएम म्हणून छापलेलं असतं. साधं ड्रिल मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, तर चार इंची ग्राइंडर ११,००० च्या आसपास. ड्रिलचा ब्रश ग्राइंडरला लावला तर तो वेग त्याला सोसत नाही आणि तारा सुटून उडतात. म्हणून मशीनचा आकडा ब्रशच्या आकड्यापेक्षा कमी किंवा फार तर तेवढाच हवा. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही. ब्रश बदलताना पिन बोर्डातून काढायची. पिन तीन पायांची, अर्थिंग असलेली, आणि पायाखालची जमीन कोरडी हवी. नवा ब्रश कामाला लावण्याआधी माणसांपासून दूर धरून मिनिटभर मोकळा फिरवा. सैल तारा असतील तर तेव्हाच निघून जातात.

काम करताना दाब देऊ नका. गंज तारेच्या टोकाने निघतो. दाबलं की तारा वाकतात, तुटतात आणि काम होत नाही ते नाहीच. कडेला आलात तर ब्रश कडेवरून बाहेरच्या बाजूला फिरत जाईल असा धरा, कडेत घुसला की मशीन हाताला झटका देतं. कधी कधी ठिणग्याही उडतात. आपल्याकडे घरात कापूस भरलेला असतो, अंगणात कडबा असतो. तिथे आणि थिनरच्या डब्याजवळ हे काम करायचं नाही.

घासून झाल्यावर लोखंड चकचकीत दिसतं आणि आपण लगेच रंग द्यायला जातो. तसं करू नका. फार गुळगुळीत झालेल्या लोखंडावर रंग नीट धरत नाही. त्यावर एकदा काचपेपर फिरवून खरबरीत करा, धूळ पुसा, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा काढा आणि त्याच दिवशी प्रायमर द्या. रात्रभर उघडं ठेवलं तर दमट हवेत पुन्हा गंजाची लाली चढते. लोखंडाचं काम आखाजीच्या सुमारास, पावसाआधीच उरकलेलं बरं. मात्र वैशाखात सकाळीच रंगवा. दुपारी लोखंड तापतं आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ ओल्या रंगावर चिकटते.

शेवटी पैशांचं. दर सांगताना घासण्याची मजुरी वेगळी आणि रंगाची वेगळी सांगा. गिऱ्हाईक म्हणेल, घासायचं राहू द्या, वरून रंग मारा. त्याला पोपडे आलेलं एखादं फाटक दाखवा आणि विचारा, दोन वर्षांनी परत खर्च करायचा का? चष्मा, मास्क आणि मोजे यांचा खर्च मशीनच्या खर्चातच धरा. गटाने अंतर्गत कर्जातून मशीन घेतलं किंवा ग्रामसंघाच्या औजार बँकेत ठेवलं, तर त्याच पेटीत हे तिन्ही ठेवा. पेटीत चष्मा नसेल त्या दिवशी मशीन बाहेर काढायचं नाही, असा ठराव पुढच्या बैठकीत करून वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.