हौदावरचा फेस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हळदीकुंकवाला चार उखाणे घेण्यापलीकडे चारचौघींत कधी बोललेली नाही. पण अध्यक्षीणबाईंनी आग्रहाने सांगितले, "तुम्ही बेडकांचे फोटो काढता, त्याविषयीच बोला." तेव्हा आज आपल्यापुढे उभी आहे. हसू आले तर जरूर हसा. आमच्या घरीही आधी सगळे हसलेच होते.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. आमच्या परसात कपड्या-भांड्यांच्या पाण्याचा हौद आहे. दरवर्षी मृगाचा पाऊस पडला की हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर वीतभर, पांढऱ्या फेसाचा गोळा दिसे. मला वाटे, कोणीतरी साबणाचे हात धुतले. मी खराटा घेई, फेस खरवडून काढी आणि वर गरम पाण्याचा तांब्या ओती. स्वच्छतेचे समाधान वाटे. अशी कित्येक वर्षे गेली.

पुढे मुलीने नवा मोबाईल घेतला आणि जुना माझ्याकडे आला. न्हाणीघराच्या भिंतीवर, दिव्याखाली, एक तपकिरी बेडूक रोज रात्री येऊन बसे. त्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला टिकलीएवढी गोल चकती! त्या चकत्यांच्या बळावर तो गुळगुळीत भिंतीलाही चिकटून राहतो. दिव्यावर येणारी पाखरे आणि किडे हे त्याचे जेवण. हा झाडबेडूक. मादी मोठी, सात-आठ सेंटिमीटरपर्यंत, नर लहान. मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असतात, ते पाय पसरल्याशिवाय दिसत नाहीत. तो कधी गडद दिसतो, तर कधी इतका फिकट की चुन्याच्या भिंतीवर ओळखू येऊ नये.

गेल्या वर्षी मृगातल्या एका रात्री हौदाकडून टक् टक् असा आवाज आला, जणू कोणी कडी वाजवते आहे. बॅटरी घेऊन गेले, तर मादीच्या पाठीवर नर बसलेला, आणि मागच्या पायांनी घुसळण चाललेली. आपण रवीने ताक घुसळतो ना, अगदी तसे! पाहता पाहता पांढरा फेस वर आला. मी फोटो काढीत होते आणि माझे हात कापत होते. तो साबण नव्हता, भगिनींनो. त्या फेसात अंडी होती. अंडी सुकू नयेत म्हणून आईने केलेले ते घरटे होते, आणि मी वर्षानुवर्षे त्याच्यावर गरम पाणी ओतीत आले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, नकळत झालं. आता कळलंय, आता जप."

मग मी रोज एक फोटो काढू लागले. फेसाची वरची बाजू वाळून पिवळसर झाली. चार-पाच दिवसांनी खालची बाजू ओघळली आणि शेपटीची बारीक पिले टपटप पाण्यात पडली. श्रावणात त्यांना पाय फुटले, तेव्हा बाहेर चढायला हौदात काठी टेकवून ठेवली. पहिले पिल्लू शेपटीसकट काठीवर चढले, तो फोटो थोडा हललेला आहे. पण माझा सर्वांत आवडता तोच.

आपल्या मंडळाची सहल पावसात आंबोलीला गेली होती, ती आठवत असेल. तिथे हिरवागार बेडूक पाहिला, ज्याच्या बोटांमधले पडदे तांबूस-केशरी असतात. ते पडदे पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नऊ ते बारा मीटर तरंगत जातो. जेर्डन नावाच्या शास्त्रज्ञाने १८७० साली त्याची नोंद केली. आंबोलीच्या नावाचा एक झुडूपबेडूकही २००९ साली जगाला कळला. त्याच्या अंड्यातून शेपटीचे पिल्लू न येता एकदम चिमुकला बेडूकच बाहेर येतो. त्या सहलीत एक प्रवासी बेडूक उडावा म्हणून फांदी हलवू लागला, तेव्हा आपल्यातल्या एका काकूंनी त्याला चांगले सुनावले. तेवढ्यासाठी तरी ती सहल सार्थकी लागली!

फोटोविषयी मला एवढेच समजले आहे: बेडकाला उचलून फुलावर बसवू नये. त्याची कातडी नाजूक असते, तो तिच्यातूनही श्वास घेतो. आपल्या हाताला साबण, तेल, मीठ काहीतरी असतेच. डोळ्यांवर लखकन उजेड मारू नये, बॅटरी बाजूने धरावी. फेस उकरून पाहू नये. आपण थोडे थांबले की तोच सारे दाखवतो.

आता विनंती. डेंग्यूच्या भीतीने आपण आठवड्याला पिंपे रिकामी करतो, ते योग्यच आहे आणि सोडू नये. पण ओतण्याआधी एकदा आत डोकावा. शेपटीची पिले असली तर वाटीने काढून पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवा, वर डासांसाठी जाळी बांधा आणि पाय फुटले की जाळी काढून काठी लावा. आणि बेडकावर मीठ कोणी टाकू नका. मीठ त्याच्या अंगातले पाणी ओढून घेते, तो तडफडून मरतो. तो चावत नाही, डसत नाही. पावसाळ्याचे चार महिने तो आपल्या दिव्याखालचा पाहुणा असतो.

यंदा मृगात आमच्या हौदावर दोन फेस आले. मी खराटा हातात घेतला होता, तो तसाच कोपऱ्यात ठेवला. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढच्या मृगात रात्री जेवणे आटोपल्यावर परसाकडून यावे. चहा तयार ठेवीन.