चेरी : खरी आणि नावाची
(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हाला एका फळाची हकिकत सांगणार आहे. फळाचे नाव चेरी. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, चेरी आम्हाला ठाऊक आहे की! विड्याला टोचलेली असते. केकवर असते. लालभडक नि गोडमिट्ट."

मलाही तसेच वाटत होते. अडतीस वर्षे मी मुलांना शिकवले. पण खरी चेरी पाहिली ती साठी उलटल्यावर. मागच्या जूनमध्ये मुलाने मुंबईहून एक पुठ्ठ्याची पेटी आणली. आत काळपट लाल, चकचकीत फळे. प्रत्येकाला लांब हिरवा देठ. नातवाने एक तोंडात टाकले आणि म्हणाला, "आजोबा, ही चेरी नव्हे. हिच्यात बी आहे!"

मग विड्यावरची ती चेरी कोणती? मी दुकानात गेलो. चष्मा लावला आणि पाकिटावरचे बारीक अक्षर वाचले. लिहिले होते : करवंद, साखर, रंग.

काय मंडळी, हसू आले ना? ही तर आपली डोंगरची काळी मैना! कच्ची करवंदे घेतात. बिया काढतात. रंग देतात आणि पाकात मुरवतात. करवंद काही वाईट फळ नव्हे. पण आपण काय खातो, ते आपल्याला कळले पाहिजे.

आता खऱ्या चेरीकडे वळू.

चेरीच्या झाडाला कडक थंडी लागते. हिवाळ्यात पाने झडून झाड झोपी जाते. पुरेशी थंडी मिळाली, तरच ते पुढे चांगले फुलते. म्हणून आपल्या रानात ते येत नाही. आपल्या देशातली बहुतेक चेरी काश्मीरची. थोडी हिमाचल प्रदेशातली. काश्मीरमध्ये गांदरबल, शोपियां, टंगमर्ग या भागांत तिच्या बागा आहेत. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिचा हंगाम. दीड-दोन महिन्यांचा खेळ!

जसे आपल्याकडे हापूस, पायरी, केशर, तशाच चेरीच्याही जाती आहेत. 'अव्वल नंबर' लवकर येते. 'मखमली' नावासारखीच मऊ. तिला लांबचा प्रवास सोसत नाही. 'डबल' आकाराने मोठी. 'मिश्री' म्हणजे खडीसाखर. ही गोड आणि घट्ट. त्यामुळे ती दूरवर जाते. २०२१ साली श्रीनगरहून मिश्री चेरी विमानाने दुबईला गेली.

एक गंमत सांगतो. बहुतेक जातींत एकाच जातीची झाडे लावली, तर फळ धरत नाही. शेजारी दुसरी जात लागते. मधमाशी एकीचे पराग दुसरीकडे नेते, तेव्हा फळ धरते. शेजाऱ्यावाचून कोणाचे चालते?

आणखी एक जात सांगतो. तिचे नाव 'बिंग'. अमेरिकेत ऑरेगन नावाचे राज्य आहे. तेथे १८७५ च्या सुमारास सेथ लुएलिंग या बागवानाच्या बागेत ही मोठी, काळसर चेरी तयार झाली. त्याच्याकडे आह बिंग नावाचा चिनी मुकादम होता. त्याचेच नाव फळाला दिले. पुढे बिंग आपल्या माणसांना भेटायला चीनला गेला. पण चिनी मजुरांना अमेरिकेत येऊ न देणारा कायदा १८८२ सालीच झाला होता. त्यामुळे त्याला परत येता आले नाही, असे सांगतात. माणसाला दार बंद झाले. त्याचे नाव मात्र आजही पेट्यांवर छापतात. कष्टकऱ्याचे नाव असे फळाला क्वचितच लागते.

या बिंगपासून १९५२ साली 'रेनियर' जात निघाली. ती पिवळी असते आणि तिच्या गालावर लाली असते.

आता चेरी खावी कशी? घेताना देठ पाहा. देठ हिरवा असेल, तर फळ ताजे. साल चकचकीत हवी. फुटलेले फळ घेऊ नका. चेरी तोडल्यावर पिकत नाही. म्हणून आंब्यासारखी आढीत घालून उपयोग नाही. ती थंड जागी ठेवा. खाण्याच्या वेळीच धुवा, आधी धुतली तर लवकर नासते. एकेक फळ तोंडात घ्या, सावकाश चघळा. जास्त असली, तर बिया काढून मुरंबा करा.

बी मात्र थुंकून टाका. फोडून खाऊ नका. तिच्या आतल्या गरातून पोटात विष तयार होते.

आणि ही गोष्ट नीट ऐका. त्याच दिवशी आमची धाकटी नात, तीन वर्षांची, अख्खी चेरी तोंडात घालून पळू लागली. चेरी घशात अडकली. पोरीला खोकताही येईना. सूनबाईने तिला पुढे वाकवले आणि दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर जोराने थापट्या मारल्या. तिसऱ्या थापटीला चेरी बाहेर पडली. आमचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून आमच्या घरी लहान मुलांना चेरी बी काढून, चार तुकडे करूनच देतात. बोर, जांभूळ, द्राक्ष यांनाही हाच नियम.

या वर्गात मी हे भाषण पहिल्यांदा केले, तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या, "गुरुजी, उन्हात काटे टोचून घेऊन करवंदे आम्ही तोडतो. ती पाटीने स्वस्तात जातात. मग तीच रंगवून, दुसरे नाव लावून आमच्याच पोरांना विकतात होय?"

मी काय उत्तर देणार? मी एवढेच म्हणालो, "बाई, आता तुम्हाला अक्षर येते. पाकीट हातात घ्या आणि वाचा."

तुम्हालाही हेच सांगतो. पुढच्या बाजारात एक पाकीट उलटे करून वाचा. करवंद असेल, तर करवंद म्हणून खा. चेरी असेल, तर चेरी म्हणून खा. नावाला भुलू नका.