आंब्याच्या पेटीबरोबर जाणारी माहिती

लांज्याचा बागायतदार पूर्वीं आंब्याची पेटी मुंबईस धाडी, तेव्हां तिजबरोबर दोनच गोष्टी जात: पेटीवर रंगविलेलें नांव आणि दलालावरचा विश्वास. कांहीं दिवसांनीं पट्टी येई. तींत भाव, अडत व हमाली मांडलेली असे. एवढ्या माहितीवर हा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालला.

परंतु बाजार पालटला, कीं जुनी माहिती अपुरी पडते. फळमाशीसारखी कीड आढळल्यामुळें युरोपीय महासंघानें १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यास दारें बंद केलीं. कीड कांहीं मालांत होती. शिक्षा मात्र साऱ्या देशाच्या आंब्यास झाली. दूरच्या खरेदीदारास निर्दोष बाग व सदोष बाग वेगळी ओळखतां येत नसेल, तर तो सर्वांसच एका मापानें मोजतो. निर्यातीपूर्वींच्या तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्यें ही बंदी उठविण्याचा निर्णय झाला.

अपेडा या केंद्रीय निर्यात-संस्थेची ‘मँगोनेट’ ही संगणकीय नोंदणी याच गरजेसाठीं आहे. बागायतदार कृषि-विभागाकडे बाग नोंदवितो. औषध कोणतें फवारलें, केव्हां फवारलें, हें वहींत लिहावें लागतें. पुढें पॅकहाउस, तपासणी आणि प्रमाणपत्र असे टप्पे येतात. परदेशांत दोष आढळलाच, तर त्याच वाटेनें मागें येऊन मूळ बाग शोधतां येते, आणि शेजाऱ्याचा व्यापार वांचूं शकतो. कोंकणच्या हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; त्याचेंहि रक्षण अखेर अशा नोंदींवरच अवलंबून आहे.

तथापि संगणक खरें-खोटें जाणत नाहीं. जें लिहिलें, तेंच तो दूरवर पोंचवितो. हंगाम संपतांना आठवणीनें भरलेली वही ही वहीच नव्हे. एका बागेंतली खोटी तारीख साऱ्या तालुक्याच्या नांवास बट्टा लावूं शकते.

लहान बागायतदारास हें लिखाण जड वाटतें, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. फवारणीचा पंप खांद्यावर असतां हातीं लेखणी कोठून यावी? अशा वेळीं घरांतल्या शिकत्या मुलानें अथवा मुलीनें त्याच सायंकाळीं नोंद करावी. गांवच्या सोसायटीनें ती वेळच्या वेळीं तपासावी. झाडाखालीं लिहिलेली ती एक ओळ खरी असली, तरच सातासमुद्रांपलीकडील गिऱ्हाइकाचा विश्वास टिकेल.