विसंबणे म्हणजे धोरण नव्हे
(कळमनुरी येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसे बळी पडली. त्यासाठी शहराची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या राहिलेला इसम. मार्च २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, तो फाशी नको आणि भारताच्या हवाली करणे नको, या अटींवर. अमेरिकेने त्या मान्य केल्या. आणि जुलैत आमच्या सरकारने तिच्याशीच दहशतवादविरोधी सहकार्याचा करार केला!

२०१६ साली मुंबईच्या न्यायालयाला हेडलीची साक्ष पडद्यावरून ऐकावी लागली. २०२५ साली तहव्वूर राणा हाती आला, हे खरे. हेडली मात्र आला नाही.

मैत्रीला आपला विरोध नाही. परंतु मित्राने काय सांगितले नि काय दडवले, याचा हिशेब सरकारने संसदेपुढे मांडलाच पाहिजे.