वाघ, बकऱ्या आणि आपली लेकरे



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोन मित्रांनी मला विचारले, ‘हमालांच्या आणि गिरणीकामगारांच्या संघटनेतला माणूस पोराटोरांच्या खेळावर काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाटाघाटींच्या बैठकांत पुष्कळ झाले. समोरचा पुढे काय करील हे आधी ताडणे, हा तेथला मुख्य अभ्यास. त्या अभ्यासाची पहिली इयत्ता मला कोळशाने फरशीवर आखलेल्या पटात दिसते.

वाघ-बकरी हा खेळ आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. खडे म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. संख्या गावोगाव निराळी. नेपाळात हाच प्रकार बाघचाल या नावाने चालतो. तेथे 25 बिंदूंच्या पटावर 4 वाघ आणि 20 बकऱ्या असतात. वाघाने बकरीवरून उडी मारून पलीकडचे रिकामे घर गाठले, की बकरी मेली. बकरीला मात्र कोणाला मारता येत नाही. तिच्यापाशी उपाय एकच. तिच्या पाठीशी दुसरी बकरी उभी राहिली, की वाघाला उडी टाकायला जागा उरत नाही. अशा सरकत सरकत त्यांनी वाघांच्या सगळ्या वाटा बंद केल्या, की बकऱ्या जिंकल्या. एवढे समजले की संघटनेवरचे माझे भाषण ऐकायची गरज उरत नाही!

पण खरा धडा दुसऱ्या डावात आहे. दुसऱ्या डावात बाजू बदलते. मघाशी बकरी असलेले लेकरू आता वाघ होते, आणि त्याला वाघाच्या डोळ्यांनी पट पाहावा लागतो. प्रतिपक्षाच्या मनात शिरण्याचे हे शिक्षण कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

आणि चिंचोक्याला बकरी मानणे, ही तर कल्पनाशक्तीची पहिली पायरी. आपल्या पूर्वजांनी या शक्तीला कमी लेखले नाही. महाराष्ट्रातल्या किती तरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आहेत, दोन तोंडांचे गंडभेरुंड कोरलेले आहेत. असे प्राणी कोणी रानात पाहिले नव्हते. ते माणसाने मनात घडवले.

आपल्यापासून दूर, कोकणात सावंतवाडीला, अशा अद्भुत रूपांचा एक खेळच आहे. तो म्हणजे दशावतारी गंजिफा. हाताने रंगवलेली 120 गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात 12 पाने. मासा आहे, कासव आहे, अर्धा माणूस आणि अर्धा सिंह असा नरसिंह आहे. दिवसा खेळायचे तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. राजा आणि प्रधान यांच्याखाली अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. म्हणजे एका ठिकाणचा दुबळा दुसऱ्या ठिकाणी बलवान! कोणते पान गेले आणि कोणते राहिले, हे ज्याच्या ध्यानात राहील त्याचीच सरशी. ही कला मरणपंथाला लागली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली.

जगातही हेच चालले आहे. 1996 साली जपानात पोकेमॉन निघाले. त्याचे कर्ते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता; त्या नादातून हे काल्पनिक प्राणी जन्मले. त्यात पाणी विस्तवाला हरवते, विस्तव गवताला, आणि गवत पाण्याला. सर्वांना पुरून उरणारा कोणी नाही, ही कल्पना मोठी आहे. मात्र त्याची पत्ती बंद पाकिटांतून विकत घ्यावी लागतात. ज्याच्या बापाचा खिसा मोठा, त्याची फौज मोठी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. लातूर पॅटर्नने गरिबाच्या मुलाला डॉक्टर-इंजिनियर होण्याची वाट दाखवली, हे मी नाकारत नाही. पण त्या परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो, चार उत्तरेही दुसऱ्यानेच लिहिलेली असतात. लेकराच्या वाट्याला एक निवडणे येते. पहाटेपासून रात्रीपर्यंत तेवढेच केलेला मुलगा उद्या नोकरीवर जाईल, तेव्हा ‘हा नियम कोणी केला, आणि तो बदलता येतो का?’ हे विचारण्याची सवय त्याला कोठून लागणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापा. प्रत्येक मुलाने आपल्या मनातला एक प्राणी काढावा. त्याला एकूण दहा गुण द्यायचे. ते धावणे, लढणे, लपणे आणि दूरचे पाहणे यांत वाटायचे. लढण्यात आठ घातले, तर उरलेल्या तीन गोष्टींना दोनच उरतात. गुण वाटताना लेकराला कळते की सगळे एकदम मिळत नाही, निवड करावी लागते. हमालाच्या मुलीला दहा, आडत्याच्या मुलालाही दहाच. मग खेळाचे नियम त्यांनीच बसून ठरवावे. भांडणे होतील; होऊ द्या. मोठ्यांनी मध्ये पडू नये. नियम बदलायचा तर सगळ्यांच्या संमतीने, आणि तोही डाव संपल्यावर. चालू डावात नियम बदलणारा मालक असो की मित्र, त्याला थांबवायला मुले तेथेच शिकतात.

आपण म्हणाल, याने गुण वाढतील काय? तसे आश्वासन मी देत नाही. उसाच्या फडात किंवा मोंढ्यात राबणाऱ्या आईबापाला पोराच्या खेळाची चैन परवडत नाही, असे मी नेहमी ऐकतो. मला उलटे वाटते. ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याच्यासाठी विचार करायला तो माणसे ठेवू शकतो. आपल्या लेकरांना स्वतःचा विचार स्वतःच करावा लागणार आहे.

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आहे. प्रत्येक गल्लीत एक ओटा आणि रोज सायंकाळचा एक तास एवढेच आपण मोकळे करून द्यावे. पहिला पट मी आखून देतो. वाघ कोण आणि बकऱ्या कोण, ते मुलांनी ठरवावे.