आंतरविद्याशाखीय पदवी : किंमत कोणाची, फळ कोणाला?

जूचंद्रच्या रांगोळी कलावंतांची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. जमिनीवर माणसाचा हुबेहूब चेहरा उभा करणाऱ्या या हातांना प्रमाणाचे, छायाप्रकाशाचे आणि रंगांचे गणित ठाऊक असते. नायगाव परिसरातील मिठागरांत राबणाऱ्यांना भरती-ओहोटी आणि उन्हाचे शास्त्र अनुभवाने अवगत झाले. ज्ञानाचे कप्पे श्रमिकांनी पाडलेले नाहीत. म्हणूनच कला, विज्ञान व वाणिज्य यांच्यामधील भिंती मोडू पाहणाऱ्या पदवीला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिची किंमत कोण मोजतो, हा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर अन्य विद्याशाखेचा विषय घेता येतो. ठरलेल्या अटी पूर्ण करून एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, अशी ही शिडी आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून आली.

या शिडीचा खर्च केवळ शुल्कात मोजणे ही फसवणूक आहे. पुस्तके आणि लोकलचा पास हा त्याचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे बुडालेली मजुरी. चौथे वर्ष सुखवस्तू घरासाठी गुंतवणूक ठरते, कष्टकऱ्याच्या घरासाठी ते आणखी एक बिनपगारी वर्ष असते. मग गरिबाचे मूल पहिल्या-दुसऱ्या पायरीवरूनच उतरते. काल ज्याला गळती म्हणत, त्याला आज ‘निर्गमनाचा पर्याय’ असे गोंडस नाव मिळते.

फळाचेही तसेच. राज्यसेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. परंतु शाळेत विषयशिक्षक व्हावयाचे तर पदवीचा मुख्य विषय पाहिला जातो. ऑनर्स पूर्ण करणाऱ्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात संपविता येते. म्हणजे लाभ शेवटपर्यंत टिकणाऱ्याचाच. शिवाय विषय निवडण्याचे स्वातंत्र्य शिक्षकांच्या संख्येवर अवलंबून असते. जेथे प्राध्यापकांची पदे रिक्त आणि अध्यापन तासिका तत्त्वावर, तेथे विद्यार्थी विषय निवडत नाही. जो शिकविणारा उपलब्ध असेल, तोच विषय त्याच्या वाट्याला येतो. लाखोंचे शुल्क घेणाऱ्या खाजगी विद्यापीठांत मात्र हीच पदवी विषयांच्या वैभवासह विकली जाते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी दाखवून दिले होते की, सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला होतो. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चावेत असे सुचविले. २०२० च्या धोरणानेही ६ टक्क्यांचेच उद्दिष्ट पुन्हा सांगितले. ते अद्याप गाठलेले नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी गावोगाव तीन मागण्या मांडाव्यात. रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. चौथ्या वर्षासाठी निर्वाहभत्ता द्या. रांगोळी, शेती, मासेमारी, मिठागर यांतील कौशल्याला पदवीत श्रेयांक द्या. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या दारात उभे राहून कोणत्या विषयाला शिक्षक आहे आणि कोणती पायरी कोठे नेते, हे पालकांना समजावून सांगणे, हे काम तर आजच सुरू करता येईल.