शेवाळाचा हंगाम आणि प्रवाळाचे आरोग्य

(किनारपट्टीवरील शेतकरी व मच्छीमार बांधवांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भातखाचरात तण किती माजले आहे, हे आपण बांधावरूनच ओळखता. समुद्राच्या तळाशीही अशीच चढाओढ चालते आणि तिचा संबंध आपल्या शेतातील खताशी येतो. त्याविषयी आज थोडे सांगतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात खडकांवर प्रवाळ, म्हणजे पोवळी, वाढतात. हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी ती लहान लहान प्राण्यांची वसाहत असते. या प्राण्यांच्या अंगातील सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करते व प्रवाळाला पोसते. प्रवाळाच्या कपारीत माशांची पिल्ले आसरा घेतात. याच खडकांवर सरगॅसमसारखे मोठे समुद्री शेवाळही उगवते. जागा एक आणि ऊनही एकच, म्हणून दोघांत स्पर्धा होते.

या शेवाळाला हंगाम असतो. पावसाळ्यात लाटांचा मारा, गढूळ पाणी व कमी झालेला खारेपणा यांमुळे ते विरळ होते. सरगॅसमचा शेंडा तुटला तरी खडकाला चिकटलेला बुडखा टिकतो. पाऊस ओसरून पाणी निवळले की त्याच बुडख्यातून नवे फुटवे येतात आणि हिवाळ्यात वाढ भरात येते. एप्रिल-मे महिन्यांत ओहोटीला उघडे पडलेले शेवाळ उन्हाने करपते. शेवाळ मागे सरले की प्रवाळाला पुन्हा ऊन व जागा मिळते. हे चक्र नैसर्गिक आहे. शेवाळातही मासे व खेकडे राहतात, म्हणून त्याला सरसकट तण समजू नये.

हंगाम संपूनही शेवाळ हटत नाही, तेव्हा मात्र धोका ओळखावा. त्याची दोन प्रमुख कारणे आहेत. पहिले, शेवाळ खाणारे जीव कमी होणे. पोपट मासा व अंगभर काटे असलेला सी-अर्चिन हे जणू समुद्रातील खुरपणी करणारे मजूर. जमैका बेटाभोवती अतिमासेमारीने मासे घटले होते. त्यात १९८० साली मोठे वादळ झाले आणि १९८३-८४ मध्ये रोगाने सी-अर्चिन मेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तेथील प्रवाळाचे आच्छादन सुमारे ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आले व खडक शेवाळाने झाकले गेले.

दुसरे कारण म्हणजे पाण्यात जादा नत्र व स्फुरद येणे. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात सांडपाण्यामुळे शेवाळ माजले होते. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी दुसरीकडे वळविल्यावर शेवाळ घटले. म्हणजेच खुराक तोडला की फरक पडतो. पावसात शेतातून वाहून गेलेला युरिया ओढ्याने खाडीत व खाडीतून समुद्रात जातो. त्यात आपला पैसाही जातो आणि सोबतची माती प्रवाळावर बसते ती वेगळीच.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) भाताला नत्र एकदम न देता हप्त्याने द्यावे. जोरदार पावसाच्या तोंडावर खत फेकू नये.

२) शक्य तेथे युरिया-डीएपी ब्रिकेट वापरावी. चार चुडांच्या मध्ये एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल खोचावी.

३) बांध दुरुस्त ठेवावेत. उतारावर गवत राखावे.

४) अभयारण्यात परवानगीशिवाय शेवाळ काढू नये. परवानगी असेल तेथेही ते बुडख्यासह उपटू नये, वरून कापावे.

५) प्रवाळावर चालू नये, नांगर टाकू नये.

बंधूंनो, खाचरातील खत खाचरातच राहिले तर भाताचा फायदा आहे आणि खाडीपलीकडच्या माशांचाही. येत्या खरिपात खताची गोणी उघडण्यापूर्वी आभाळाकडे एकदा जरूर पाहा.